वाचनालयाची 'जीवशास्त्र पेटी' : तीन महिन्यांच्या वापरानंतर

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग नीट भरू लागेपर्यंत पावसाळा चांगला मुरलेला असतो. मधल्या तीन-चार महिन्यांत विज्ञान शाखेकडे निघालेल्या मुलांसाठी शहरांत 'फाउंडेशन'चे वर्ग निघतात. आमच्याकडे, उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या गावांत, याच दिवसांत आंबा उतरवणे, काजू वेचणे, आमसुले वाळवणे ही घरची कामे असतात आणि शिकवणीसाठी रोज एसटीने तालुक्याला जाणे बहुतेकांना जमणारे नसते. अशा मुलांसाठी जवळच्या एका सार्वजनिक वाचनालयाने स्वतःच्या गतीने अभ्यासण्याची एक पेटी तयार केली आहे. तिला छापील असे नाव नाही. नोंदवहीत 'जीवशास्त्र पेटी क्र. १' ते 'क्र. ५' असा उल्लेख असतो आणि मुले तिला नुसतेच 'पेटी' म्हणतात. वाचनालय लहान आहे आणि पुढे काही तक्रारी येणार आहेत, म्हणून त्याचे नाव मी येथे देत नाही. माझ्या पुतणीने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेटी क्र. ३ घरी आणली. मी स्वतः मराठी माध्यमाच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे ती पेटी तिच्याइतकीच मीही उचकली.

पेटी म्हणजे खरोखरच पत्र्याची, कडी-कुलपाची, पूर्वी वसतिगृहात नेत असत तसली लहान ट्रंक आहे. आत एक कागदी सूक्ष्मदर्शक, एक हातभिंग, दहा काचपट्ट्या, टिंक्चर आयोडीनची बाटली, चिमटा, ड्रॉपर आणि जाड तारेची एक फूट लांब-रुंद चौकट एवढे साहित्य असते. कार्डे एकूण छत्तीस, सहा-सहांच्या सहा गड्ड्या. पेटीबरोबर पहिली गड्डीच मिळते. अनामत ३०० रुपये असून ती परत मिळते, आणि वापराचे शुल्क तीन महिन्यांना ५० रुपये आहे. प्रत्येक कार्डाच्या पुढच्या बाजूला एक काम असते आणि मागच्या बाजूला दीड-दोनशे शब्दांचे वाचन व चार प्रश्न असतात. आधी काम, मग वाचन, हा क्रम मोडायचा नाही. उत्तरे वाचनालयात बंद पाकिटांत ठेवलेली असतात, आणि सहा कार्डांची वही भरून दाखवल्याशिवाय त्या गड्डीचे पाकीट आणि पुढची गड्डी हाती पडत नाही. शनिवारी दुपारी तीन ते पाच या वेळात कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तेथे बसतात, वही चाळतात आणि दोन-चार आडवे प्रश्न विचारतात. मुले त्यांना आबा म्हणतात.

या रचनेला जुनी परंपरा आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक सॅम्युएल पोस्टलथ्वेट यांनी १९६१ मध्ये, पूर्वतयारी कच्ची असलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ध्वनिफितींवर धडे भरून ठेवले होते. विद्यार्थ्याने आपल्या सवडीने यावे, फीत लावावी आणि तिच्यातल्या सूचनेनुसार समोरची वनस्पती हातात घेऊन पाहावी, अशी ती योजना होती. पुढे १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी अशाच अध्यापनाची रीतसर मांडणी केली : वेग विद्यार्थ्याचा, एक घटक पक्का झाल्याशिवाय दुसरा घटक नाही, आणि तपासायला जवळच कोणीतरी जाणकार सोबती. या पद्धतीवरची सर्वांत जुनी तक्रार चालढकलीची आहे. वेग मुलाच्या हाती सोपवला की तो पुष्कळदा शून्यावर येऊन थांबतो. आमच्या घरीही तसेच घडले. पहिली सहा कार्डे नऊ दिवसांत झाली आणि त्यानंतर आंब्याच्या पेट्या भरण्याच्या धांदलीत पत्र्याच्या पेटीचे झाकण अडीच आठवडे उघडले गेले नाही. ते पुन्हा उघडले ते केवळ, 'आबांनी शनिवारी विचारले तर काय सांगू', या धास्तीने. छत्तीस कार्डांपेक्षा शनिवारचे ते दोन तास करणे वाचनालयाला अधिक कठीण गेले असणार, आणि ते नसते तर पेटीचा निम्मा उपयोगही झाला नसता.

पहिली गड्डी पेशीची आहे. पेटीतला कागदी सूक्ष्मदर्शक म्हणजे फोल्डस्कोप; स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी तो घडवला आणि त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. घड्या घालून जोडायचे हे उपकरण वस्तू १४० पट मोठी करून दाखवते आणि साधारण २ मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) बारकावे वेगळे करते. ते डोळ्याला जवळजवळ टेकवून उजेडाकडे पाहावे लागते, आणि पहिल्या दिवशी बहुतेकांना स्वतःच्या पापण्यांखेरीज काही दिसत नाही. पुतणीला तिसऱ्या दिवशी, पडवीत उन्हाकडे तोंड करून उभी असताना, आयोडीनने पिवळसर झालेल्या कांद्याच्या पापुद्र्यात विटांसारख्या रांगा आणि एकेका विटेत एकेक गडद ठिपका दिसला, तेव्हा ती ओरडली, 'काका, हे तर पुस्तकातल्यासारखेच आहे!' पुस्तकातले चित्र यासारखे आहे, असे तिला म्हणायचे होते; मी दुरुस्त केले नाही.

मात्र याच गड्डीतले पाचवे कार्ड चुकीचे आहे, आणि ही चूक किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी काचपट्टीवर घेऊन पाहण्यास सांगितल्यावर, 'तुम्हाला एका पेशीत किती तंतुकणिका दिसल्या?' असा प्रश्न तेथे विचारला आहे. तंतुकणिकेची, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकाची, जाडी अर्ध्या ते एक मायक्रॉनच्या घरातली असते. जे भिंग २ मायक्रॉनपाशी थकते, त्याला ती दिसणार कशी? गालाच्या पेशीचे केंद्रक या उपकरणातून दिसते आणि तेवढेच विचारायला हवे होते. पुतणीने दोन संध्याकाळी डोळे ताणले आणि अखेर वहीत '१२' असे लिहिले. मी विचारले तेव्हा म्हणाली, 'किती दिसल्या असे विचारलेय, म्हणजे दिसतच असणार ना?' जे दिसले नाही ते दिसले म्हणून लिहिण्याची सवय आमच्या प्रयोगवह्यांनी तिला आधीच लावलेली आहे. ती मोडण्यासाठी आणलेल्या पेटीनेच तिला खतपाणी घालावे, हे मला फार लागले. आबांनी तिच्या कार्डावरचा प्रश्न लाल शाईने खोडला. उरलेल्या चार पेट्यांत तो माझ्या माहितीप्रमाणे अजून तसाच आहे.

याउलट, संपूर्ण पेटीतले सर्वांत सुंदर कार्ड चौदावे. त्याच्या पुढच्या बाजूला एकच काम दिले आहे : 'एका फणसात किती फळे असतात, ते मोजा.' कोकणातल्या घरात वाढलेल्या मुलाला हा प्रश्न प्रथम चेष्टेचा वाटतो. पुतणी 'एक' असे लिहून कार्ड उलटण्याच्या बेतात होती. पण खाली बारीक अक्षरांत 'फोडल्याशिवाय उत्तर लिहू नये' अशी सूचना होती आणि योगायोगाने त्या संध्याकाळी घरी कापा फणस फोडायचाच होता. हाताला आणि कोयत्याला खोबरेल लावून, चीक कागदाने टिपून, तिने फणसाचा एक तुकडा वेगळा घेतला, आणि त्यातले गरे एका ताटात व गऱ्यांच्या मधल्या त्या चिवट पांढरट पात्या, ज्या आपण न पाहताच गुरांपुढे टाकतो, दुसऱ्या ताटात मोजून ठेवल्या. गरे निघाले तेवीस. पात्या शंभराच्या वर गेल्यावर तिने मोजणे सोडून दिले.

मग मागचे वाचन. फणस एका फुलापासून होत नाही. शेकडो मादी फुलांचा अख्खा फुलोरा मिळून ते एक संयुक्त फळ तयार होते. आठळी आणि तिच्याभोवतीचे पातळ आवरण हे एका फुलाचे खरे फळ, आपण खातो तो गरा म्हणजे त्या फुलाची मांसल झालेली परिदले (पाकळ्यांसारखी आवरणे), मधला पाव हा फुलोऱ्याचा दांडा, बाहेरचा एकेक काटा म्हणजे एकेका फुलाचे टोक, आणि ताटातल्या पात्या म्हणजे ज्यांचे फलन झालेच नाही अशा फुलांची शिल्लक. परागण आणि फलन हे शब्द मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे; फलन न झालेल्या फुलांचा ढीग ताटात घालून दाखवावा, हे मला कधी सुचले नव्हते. पुतणीच्या आजीने दोन्ही ताटांकडे पाहून विचारले, 'म्हणजे ज्या वर्षी गरे कमी निघतात, त्या वर्षी माश्या फिरकल्या नाहीत असे समजायचे का गो?' याचे उत्तर कार्डावर नव्हते. पुतणीने प्रश्न वहीत आजीच्या नावाने उतरवून घेतला आणि शनिवारी आबांपुढे ठेवला. आबांनी उत्तर दिले नाही. पुढच्या हंगामात फुलोरे धरू लागले की त्यांतल्या दोघांना पातळ कापडाच्या पिशव्या बांध आणि त्या फणसांचे काय होते ते मला सांग, एवढेच म्हणाले.

खडकाळ किनाऱ्याचे कार्डही असेच कसाचे आहे, जरी त्याची सुरुवात फजितीने झाली. ओहोटीच्या वेळी तारेची चौकट खडकावर तीन उंचींवर ठेवायची आणि प्रत्येक वेळी चौकटीतले सजीव मोजायचे, असे काम आहे. मोठ्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नये, ही सूचना ठळक टाइपात दिली आहे, ते योग्यच. परंतु कार्डाला जोडलेले भरती-ओहोटीचे वेळापत्रक मुंबईचे होते आणि तेही मागच्या वर्षाचे. पुतणीचा एक वर्गमित्र, ज्याच्या घरची बंदरात होडी आहे, तिच्याबरोबर पेटीतली कार्डे करत होता. त्याने ते वेळापत्रक बाजूला ठेवले आणि तिथी विचारली. कोकणात खलाशाच्या पोराला वेगळे शिकवावे लागत नाही असा हा हिशेब आहे : तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची अंदाजी वेळ निघते. वद्य द्वितीया होती. दोनाचे पाऊणपट दीड, म्हणून भरती दीडच्या सुमारास, आणि त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी साडेसातला, ओहोटी. आम्ही सातला पोचलो तेव्हा खडक उघडा पडत होता. कार्ड लिहिणाऱ्याने हे गणित कार्डावरच छापायला हवे होते. चंद्र, तिथी आणि रोज पाऊणएक तासाने पुढे सरकणारे पाणी यांची ओळख करून देण्याला याहून सोपी वाट नाही.

खडकाच्या माथ्यावर फटींत बसलेल्या बारीक गोगलगाई, मधल्या पट्ट्यात बोटाला खरचटवणारे पांढरे बार्नॅकल, आणि पाण्यालगत कालवे, शेवाळ व मिटून जेलीच्या गोळ्यासारखी झालेली समुद्रफुले, असे तीन मजले स्पष्ट दिसत होते. बार्नॅकल इतके दाट होते की मुलांनी चौकटीचा एक चतुर्थांश भाग मोजून चारने गुणले, आणि ही युक्ती कोणी सांगितलेली नव्हती. घरी येऊन वर्गीकरण करताना दोघांनीही बार्नॅकलला कालवांशेजारी मृदुकाय संघात बसवले. कवच आहे, खडकाला चिकटलेले आहे, हलत नाही. दुसरे काय असणार? कार्डाच्या मागे मात्र लिहिले होते की बार्नॅकल हा संधिपाद आहे, म्हणजे त्याचे नाते चिंबोरी आणि कोळंबीशी आहे. मुलांचा विश्वास बसेना. वर्गमित्राने कालवाची एक सुटी शिंपी आणली होती, तिच्यावर पाच-सहा बार्नॅकल बसलेले होते. ती समुद्राच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात ठेवून आम्ही वाट पाहत बसलो. दहा-बारा मिनिटांनी एका कवचाचे झाकण फाकले आणि आतून पिसासारख्या केसाळ पायांचा झुपका बाहेर येऊन पाणी आत ओढू लागला. डोक्याकडून चिकटलेला आणि पायांनी तोंडात घास लोटणारा हा प्राणी संधिपादच आहे, हे १८३० मध्ये जॉन वॉन थॉम्पसन यांनी त्याच्या पोहणाऱ्या पिल्लांवरून ओळखले, आणि पुढे चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे बार्नॅकलांच्या अभ्यासात घालवली, एवढे कार्डावर होते. ज्याच्या घरी होडीच्या बुडाची ही पीडा दर वर्षी खरवडून काढली जाते, तो मुलगा बराच वेळ ग्लासासमोरून उठला नाही.

ही दोन कार्डे मला इतकी का आवडली, याचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. 'स्वतःच्या गतीने' असे आपण म्हणतो तेव्हा मुलाच्या गतीचा विचार मनात असतो, पण जीवशास्त्रात तिसराच कोणी गती ठरवत असतो. ओहोटी मुलीची झोप पुरी होण्याची वाट पाहत नाही, आणि बार्नॅकल त्याला वाटेल तेव्हाच झाकण उघडतो. तिवराच्या पानाच्या खालच्या बाजूला साठलेले मीठ जिभेला लागावे, म्हणून मुलीला खाडीवर उन्हे चढल्यावर पुन्हा जावे लागले. पेटीतली चांगली कार्डे ही गती मान्य करतात आणि मुलाला तिच्याशी जुळवून घ्यायला लावतात. सामान्य कार्डे अशी आहेत की ती एका बैठकीत पाच-सहा उरकता येतात, आणि पुतणीने ती तशीच उरकली. पचनसंस्था, रक्ताभिसरण आणि उत्सर्जन यांची चौथी गड्डी बहुतांशी अशीच आहे. ती पाठ्यपुस्तकाचा संक्षेप आहे. तिच्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

पाचवी गड्डी आनुवंशिकतेची. तिच्यात दोन उणिवा आहेत आणि दोन्ही विचार करण्याजोग्या आहेत. सव्विसाव्या कार्डात दोन नाणी चाळीस वेळा उडवून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या वाटाण्यांवरील प्रयोगाचा खेळ करायचा आहे : एक जरी छापा पडला तरी प्रभावी लक्षण, दोन्ही काटे पडले तर अप्रभावी. पुतणीला २७ आणि १३ मिळाले. शाळेत ३:१ हे गुणोत्तर तिने पाठ केलेले असल्यामुळे ३० आणि १० यायलाच हवेत अशी तिची खात्री होती. तिने तीन वेळा पुन्हा नाणी उडवली आणि शेवटी २९ आणि ११ आल्यावर तेच वहीत लिहिले. बंद पाकिटातले उत्तर काय होते? '३०:१०'. मेंडेलच्या स्वतःच्या आकड्यांत जांभळ्या फुलांची झाडे ७०५ आणि पांढऱ्या फुलांची २२४ होती, गुळगुळीत बिया ५,४७४ आणि सुरकुतलेल्या १,८५० होत्या. भागाकार केला तर पहिल्याचे ३.१५ आणि दुसऱ्याचे २.९६ येते, नेमके ३ कोठेच येत नाही. मोजणी हजारांत गेली तेव्हा गुणोत्तर तीनच्या जवळ सरकले, ही या प्रयोगातली खरी शिकण्याची गोष्ट आहे. पाचही पेट्यांतल्या मुलांचे आकडे शनिवारी एका तक्त्यावर मांडले, तर दोनशे वेळा उडवलेली नाणी आपोआप ते सांगतील, आणि कोणालाही आपल्या २७:१३ ची लाज वाटणार नाही. ही सूचना मी लेखी दिली आहे.

दुसरी उणीव स्थानिक आहे. लिंगनिश्चितीचे कार्ड माणसाच्या एक्स आणि वाय गुणसूत्रांवर सुरू होते आणि तेथेच संपते, जणू काही सगळ्या प्राण्यांत असेच असते. वेळास आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने त्यांच्या संरक्षणाचे काम उभे केले, आणि पिल्ले समुद्रात सोडतानाचा सोहळा आमच्याकडच्या बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो. या कासवांत पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूतल्या घरट्याच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापली की माद्या अधिक. परसात रातांबा असतो, त्याचे रोप नर निघाले की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, म्हणून तर लोक कलमे लावतात. इतकी उदाहरणे दारात असताना कार्ड पुस्तकातल्या एका आकृतीवर थांबते, हे या पेटीला शोभत नाही. आबांनी पेन्सिलीने समासात 'कासव?' असे लिहून ठेवलेले मात्र दिसले.

भाषेच्या बाबतीत पेटीची मदत मोठी आहे आणि ती आणखी मोठी होऊ शकली असती. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला विज्ञान शाखेत गेल्यावर खरा धक्का विषयाचा बसत नाही, शब्दांचा बसतो. तंतुकणिका, हरितलवक, परासरण, अर्धगुणसूत्री विभाजन हे शब्द ज्याने कष्टाने आपलेसे केले, त्याच्यापुढे जुलैमध्ये मायटोकॉन्ड्रिया, क्लोरोप्लास्ट, ऑस्मोसिस आणि मायोसिस येऊन उभे राहतात, आणि ओळखीचाच माणूस त्याला परका वाटू लागतो. प्रत्येक कार्डाच्या तळाशी अशा जोड्या दिल्या आहेत. लोणच्यासाठी मीठ लावून ठेवलेल्या कैरीच्या फोडींना पाणी का सुटते, याच्या कार्डाखाली परासरण आणि ऑस्मोसिस शेजारी शेजारी वाचल्यावर पुतणीला दुसरा शब्द पाठ करावा लागला नाही. पण इंग्रजी शब्द केवळ देवनागरीत छापले आहेत. मुलाला उच्चार कळतो, लिहिता येत नाही. अकरावीच्या पहिल्याच चाचणीत हे अंगावर येईल. रोमन लिपीतले स्पेलिंग शेजारी द्यायला एवढीशी जागा लागली असती.

ज्यांच्याकडे चांगले नेटवर्क आहे त्यांनी पेटी कशाला घ्यावी, असे मला एका पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवता येतात. केंद्र सरकारच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्वयम् या व्यासपीठावर एनसीईआरटीचे अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, आणि विषयाची सलग, क्रमवार मांडणी हवी असेल तर ते पेटीपेक्षा निःसंशय वरचढ आहेत. ज्यांचे लक्ष वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेवर आहे, जिथे १८० पैकी ९० प्रश्न आणि ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात, त्यांना आज ना उद्या तिकडे वळावेच लागेल. पेटी त्या परीक्षेची तयारी करून देत नाही आणि तसा तिचा दावाही नाही. व्हिडिओतली गती मात्र फक्त थांबवण्या-चालवण्याच्या बटणाची असते. आधी अभ्यासक्रम आणि मग पेटी असा क्रम कोणी लावू नये, उलट लावावा. अकरावीच्या पुस्तकात झुरळावर एक अख्खे प्रकरण आहे. ज्याने बार्नॅकलचे पाय ग्लासात पाहिलेले आहेत, तो त्या प्रकरणातल्या संधिपादाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहील, असा माझा अंदाज आहे.

काही व्यावहारिक गोष्टी. दमट हवेत ट्रंकेच्या बिजागऱ्यांना गंज चढला आहे आणि आयोडीनच्या बाटलीचे झाकण सैल असल्यामुळे दोन कार्डांवर तपकिरी डाग पडले आहेत. शनिवार दुपार ही वेळ मुलांना सोयीची असली, तरी दूरच्या वाडीवरून येणाऱ्यांना पाचनंतर परतीची गाडी गाठताना धावावे लागते. अर्धा तास अलीकडे घेतल्यास बरे. एका घरात दोघे मिळून पेटी करत असतील तर दुसरी वही वाचनालय देते, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि दोघांनी मिळूनच करावी असे मी आग्रहाने सांगेन.

सर्वांत मोठी तक्रार मुदतीची आहे. एप्रिलमध्ये घेतलेली पेटी जूनअखेर परत करायची असते, आणि शेवटच्या गड्डीतली चार कार्डे पावसाशिवाय होतच नाहीत. कातळसड्यावर उगवणाऱ्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचे कार्ड आहे. ती सडा भिजल्यावर दिसते. सुगरणीचे आहे. सलीम अली यांनी १९३० मध्ये आपल्याच कोकणात, अलिबागजवळच्या किहीमला, या पक्ष्याच्या विणीचे निरीक्षण केले आणि दाखवून दिले की घरटे नर विणतो, ते अर्धवट असतानाच माद्या येऊन पारखतात, एखादीने पसंत केले की तो ते पुरे करतो आणि मग दुसऱ्या घरट्याला आणि दुसऱ्या मादीच्या मागे लागतो. मराठीने या पक्ष्याला बाईचे नाव दिले आणि विणकामाचे सारे श्रेय तिला देऊन टाकले, ही गंमत कार्डावर आहे. काम असे आहे की एक वसाहत निवडून आठ दिवसांआड तीन घरट्यांची चित्रे काढायची, आणि कोणते घरटे अर्धवट सोडले गेले त्याची नोंद ठेवायची. आमच्या विहिरीवर वाकलेल्या माडाच्या झावळ्यांना जूनच्या चौथ्या आठवड्यात पहिल्या गवताच्या गाठी दिसू लागल्या.

तीस तारखेला मी आणि पुतणी पेटी घेऊन वाचनालयात गेलो. मुदतवाढीचा नियम नाही, असे ग्रंथपाल बाईंनी सांगितले; पेटीसाठी पुढचा मुलगा थांबलेला होता. त्यावर आबांनी ते एक कार्ड गड्डीतून काढून पुतणीच्या हातात ठेवले आणि बाईंकडे पाहिले. बाईंनी थोडा विचार केला, पेटी जमा करून घेतली, अनामतीतले दहा रुपये राखून ठेवले आणि नोंदवहीत कार्ड क्र. ३५ च्या पुढे, परतीच्या तारखेच्या रकान्यात, 'घरटे पुरे झाल्यावर' असे लिहिले.